एआय एजंट म्हणतो ‘सगळं ठीक आहे’ – त्याला पुढचे तीन प्रश्न विचारा

क्रिप्टो खात्यातल्या पोझिशन एआय एजंटकडून कशा तपासायच्या, हे व्हिडिओत पाहिलं. सातारा आणि सांगलीच्या बॅचमधून यावर बरेच प्रश्न येतात, म्हणून हा धडा लेखी देतोय. क्रिप्टो घ्या किंवा घेऊ नका, हा सल्ला इथे नाही. ज्यांचे सौदे चालू आहेत त्यांनी ते डोळे उघडे ठेवून पाहावेत, एवढंच.

पोझिशन म्हणजे काय?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणाऱ्यांना हे लगेच कळेल. हळदीचा वायदा घेतला आणि अजून मिटवला नाही, तर तो सौदा उघडा आहे. भाव हलला की नफा-तोटाही हलतो. क्रिप्टो फ्युचर्समध्ये याच उघड्या सौद्याला पोझिशन म्हणतात. फरक इतकाच, की हा बाजार चोवीस तास, रविवारीही चालू असतो.

आता हिशेब बघा. तुमचे 20,000 रुपये, लिव्हरेज दहापट. म्हणजे सौदा 2,00,000 रुपयांचा. भाव 5 टक्के पडला तर 10,000 गेले, म्हणजे निम्मे पैसे. 10 टक्के पडायच्या थोडं आधीच एक्स्चेंज सौदा स्वतःहून बंद करतं. याला लिक्विडेशन म्हणतात.

10 ऑक्टोबर 2025 ला अमेरिकेने चिनी मालावर 100 टक्के जादा आयात शुल्काची घोषणा केली. आपल्याकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. चोवीस तासांत जगभरात सुमारे 19 अब्ज डॉलरच्या पोझिशन अशा बंद झाल्या. पोवई नाक्यावरचं दुकान सकाळी उघडणाऱ्या माणसाला हे मोबाईल बघितल्यावरच कळणार. म्हणून लोक एजंट वापरतात.

चावी कोणती द्यायची?

एजंट एक्स्चेंजला ‘एपीआय की’ने जोडला जातो. तिला साधारण तीन परवानग्या असतात: वाचणं, सौदा करणं आणि पैसे काढणं. तपासणीसाठी फक्त पहिली द्या. दिवाणजीला वही वाचायला देतो, तिजोरीची किल्ली देत नाही, तसंच हे.

आपण सौदा करायला सांगणारच नाही, मग परवानगी दिली तर काय बिघडलं? बिघडतं. एजंट वेबपेज किंवा मेसेजही वाचत असेल, तर त्यात कोणीतरी लपवलेली सूचना तो तुमचीच समजू शकतो. परवानगीच नसेल तर सौदा होणारच नाही. की चॅटमध्ये पेस्ट करू नका. एक्स्चेंजवर आयपी ॲड्रेसचं बंधन घालायची सोय असेल तर तेही घाला.

तीन प्रश्न

1. कुठे पाहिलंस? बऱ्याच एक्स्चेंजवर स्पॉट आणि फ्युचर्सची वॉलेट वेगळी असतात. एजंटने फक्त स्पॉट पाहिलं तर तो बिनधास्त सांगेल, ‘एकही पोझिशन नाही’. कनेक्शन तुटून रिकामं उत्तर आलं, तरी तेच सांगू शकतो. ‘पोझिशन नाही’ आणि ‘माहिती मिळाली नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

2. केव्हा पाहिलंस? उत्तरावर तारीख आणि भारतीय वेळ हवी. तासाभरापूर्वीचा भाव या बाजारात शिळा असतो.

3. लिक्विडेशन किती लांब आहे? नुसता नफा-तोटा सांगून भागत नाही. चालू भाव 100 आणि लिक्विडेशन 91 वर असेल, तर अंतर 9 टक्के. सोबत मार्जिन कोणतं तेही विचारा. ‘आयसोलेटेड’ असेल तर त्या सौद्याला लावलेली रक्कम पणाला असते. ‘क्रॉस’ असेल तर त्या वॉलेटमधली बाकीची शिल्लकही ओढली जाते. स्टॉप-लॉस खरंच लावलेला आहे का, हेही बघायला सांगा.

ही सूचना कॉपी करा

> फक्त वाच, कोणताही सौदा करू नको. स्पॉट आणि फ्युचर्स दोन्ही वॉलेट तपास. प्रत्येक पोझिशनसाठी खरेदी की विक्री, आकार, घेतल्याचा भाव, चालू भाव, लिव्हरेज, मार्जिनचा प्रकार, लिक्विडेशनचा भाव आणि टक्क्यांत अंतर, स्टॉप-लॉस आहे की नाही, हे तक्त्यात दे. माहिती मिळाली नाही तर तसंच लिही, अंदाज करू नको. शेवटी तपासल्याची वेळ दे.

पहिला आठवडा एजंटचा तक्ता आणि एक्स्चेंजची स्क्रीन शेजारी ठेवून आकडे जुळवा. जुळले तरच पुढे विश्वास ठेवा.

शेवटी धंद्याचं बोलू. व्हर्च्युअल डिजिटल ॲसेट विकून झालेल्या नफ्यावर 2022-23 पासून सरळ 30 टक्के कर आहे, वर सेस वेगळा. तिथला तोटा दुकानाच्या नफ्यातून वजा करता येत नाही. फ्युचर्सचा हिशेब मात्र तुमच्या सीएला दाखवा. आणि व्यापाऱ्याला द्यायची उधारी, कामगारांचा पगार, जीएसटीचे पैसे या वॉलेटमध्ये ठेवू नका. एजंट पोझिशन तपासेल, पण ते पैसे कोणाचे होते हे त्याला माहीत नसतं.

आजचा गृहपाठ: एक्स्चेंजमध्ये जाऊन तुमच्या जुन्या एपीआय की बघा. वापरात नाहीत त्या आजच डिलीट करा. भेटू पुढच्या व्हिडिओत!