तांब्याची जटिल संयुगे आणि कर्करोगावरील उपचार

द्राक्षबागेत फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणातील मोरचूद, म्हणजेच कॉपर सल्फेट, ग्रामीण भागात सर्वपरिचित आहे. बुरशीला मारक ठरणारा यातील धातू कर्करोगाच्या पेशींविरुद्ध वापरता येईल काय, या प्रश्नावर जगभर संशोधन झाले आहे. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेनेही त्यात महत्त्वाची भर घातली आहे.

प्लॅटिनमचा अनुभव

धातूच्या जटिल संयुगांकडे लक्ष वेधले ते सिसप्लॅटिनमुळे. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग यांना प्लॅटिनमच्या संयुगांमुळे जिवाणूंचे विभाजन थांबत असल्याचे आढळले. १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिनला औषध म्हणून मान्यता मिळाली. हे औषध पेशीतील डीएनएशी बंध जोडून तिचे विभाजन रोखते. तथापि, मूत्रपिंड, श्रवणशक्ती व मज्जातंतूंवर त्याचे दुष्परिणाम होतात, तसेच काही गाठी त्याला दाद देत नाहीत. त्यामुळे अन्य धातूंचा शोध सुरू झाला.

तांबेच का?

तांब्याचा अणुक्रमांक २९ आहे. प्रौढ मानवी शरीरात सुमारे १०० मिलिग्रॅम तांबे असते व श्वसनक्रियेतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकरासाठी ते अनिवार्य आहे. एकसंयुजी व द्विसंयुजी अशा दोन अवस्थांमध्ये ते सहज बदलते. एकसंयुजी तांब्याची हायड्रोजन पेरॉक्साइडशी अभिक्रिया होऊन अतिक्रियाशील हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होऊ शकते. १९७९ मध्ये डेव्हिड सिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तांबे-फेनँथ्रोलीन संयुग अशाच मार्गाने डीएनएची साखळी तोडते, हे दाखवले.

येथेच खरी अडचण उद्भवते. या अभिक्रियेसाठी लागणारे क्षपणक पदार्थ निरोगी पेशीतही असतात. जे संयुग सरसकट सर्व पेशी मारते, ते विष होय, औषध नव्हे.

बंगळूरुतील संशोधन

या अडचणीवर एक उपाय म्हणजे प्रकाश. अंधारात निष्क्रिय राहणारे आणि प्रकाश पडेल तेथेच क्रियाशील होणारे संयुग मिळाल्यास हानी गाठीपुरती मर्यादित ठेवता येईल. पॉर्फिरिनवर आधारित औषधांच्या प्रकाश-उपचारात हेच तत्त्व वापरले जाते. हाताच्या तळव्याखाली विजेरी धरल्यास बोटांच्या कडा लाल दिसतात, कारण निळा-हिरवा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते व लाल प्रकाश ऊतींमध्ये अधिक खोल जातो. म्हणून लाल प्रकाशाने कार्यान्वित होणारे संयुग हवे.

मोरचुदाचे द्रावण निळे दिसते, कारण द्विसंयुजी तांबे दृश्य प्रकाशातील लाल भाग शोषते. भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अखिल चक्रवर्ती व त्यांच्या सहकाऱ्यांनी तांब्याच्या याच गुणधर्माचा उपयोग केला. गंधकयुक्त लिगंड आणि डीएनएला चिकटणारा फेनँथ्रोलीनसारखा दुसरा लिगंड तांब्याला जोडून त्यांनी संयुगे तयार केली. लाल प्रकाशात ही संयुगे डीएनए तोडतात, असे त्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. या क्रियेत गंधकाकडून तांब्याकडे होणारे विद्युत्भाराचे स्थानांतरण आणि तांब्याच्या डी-कक्षकांमधील संक्रमण या दोहोंचा सहभाग असल्याचेही त्यांनी दाखवले.

मर्यादा

हा प्रयोग परीक्षानळीतील डीएनएवर होता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. परीक्षानळी, पेशी, प्राणी आणि मानव या पायऱ्या ओलांडताना बहुतेक संयुगे गळून पडतात. पेशीमध्ये तांबे नेणाऱ्या इलेस्क्लोमोल या संयुगाची त्वचेच्या कर्करोगावरील तिसऱ्या टप्प्याची चाचणी सुरक्षिततेच्या कारणास्तव २००९ मध्ये थांबवावी लागली. मात्र अपयशी ठरलेले हेच संयुग पुढे संशोधनास उपयोगी पडले. तंतुकणिकेत तांबे अतिरिक्त झाल्यास तेथील काही प्रथिने गोळा होऊन पेशी मरते, हे २०२२ मध्ये स्पष्ट झाले. पेशीमृत्यूच्या या प्रकारास क्युप्रॉप्टॉसिस असे नाव देण्यात आले.

सारांश, मारकशक्तीच्या बाबतीत तांबे उणे नाही. प्रश्न निवडक्षमतेचा आहे. कर्करोगविरोधी संयुगाविषयी वाचताना ते किती पेशी मारते, याबरोबरच ते कोणत्या पेशी वाचवते, हेही विचारले पाहिजे.

सरावासाठी प्रश्न
१. सिसप्लॅटिनला पर्याय शोधण्याची गरज का भासली?
२. प्रकाश-उपचारासाठी लाल प्रकाश अधिक उपयुक्त का ठरतो?
३. परीक्षानळीतील यश म्हणजे औषध नव्हे, हे सोदाहरण स्पष्ट करा.