नीरामाईचे माहेर : झरा, देवराई आणि श्रमदान

आषाढी वारीच्या वाटेवर श्रीज्ञानेश्वर माउलींच्या पादुकांना नीरा नदीत स्नान घालण्यात येते. हीच नीरा पुढे नीरा-नृसिंहपूर येथे भीमेला मिळते आणि भीमा पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वंदिली जाते. या पुण्यसलिलेचा उगम भोर तालुक्याच्या पश्चिमेकडील सह्याद्रीत आहे. राजगड व तोरणा परिसरातील गुंजवणी आणि कानंदी यांचे पाणीही अखेर तिलाच मिळते. म्हणून भोर आणि वेल्हे (आताचा राजगड तालुका) हे नीरामाईचे माहेरच होय.

या माहेरी पाऊस उदंड पडतो. तरीही चैत्र-वैशाखात डोंगरावरील वाड्यावस्त्यांतील माताभगिनींना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते. वेळवंडी नदीवर १९२८ साली पूर्ण झालेले भाटघर धरण खालच्या मुलखाला पाणी पुरवते. वरच्या वस्तीला मात्र आधार झऱ्याचाच. पावसाचे पाणी कातळाच्या भेगाळ, सच्छिद्र थरात मुरते आणि खाली अभेद्य थर लागताच झरा होऊन बाहेर येते. वरचे रान तुटले व माती वाहून गेली की पाणी न मुरता धावत सुटते आणि झरा लवकर आटतो.

पूर्वजांनी हे रान देवाच्या नावाने राखले. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, पडलेले लाकूडही घरी न्यायचे नाही, असा दंडक असे. वेल्ह्यातील शिरकोलीची शिरकाई देवीची राई या परंपरेतीलच आहे. डॉ. माधव गाडगीळ व डॉ. वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले.

राखणीला श्रमाची जोड हवी. उतारावर समतल चर खणले, ओघळीत दगडी बांध घातले की पाण्याचा वेग मंदावतो. पावसाळा सरताना सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारा रचता येतो. गावाने एका दिवसाच्या श्रमदानात उभारावा, असे हे काम आहे. मात्र पुरात चर बुजतात, गोण्या फाटतात. म्हणून डागडुजी दरवर्षी करावी लागते.

केलेल्या कामाचे फळ मोजूनच कळते. झऱ्याखाली ठरलेली कळशी किती वेळात भरते आणि विहिरीचे पाणी किती हात खोल आहे, हे दर महिन्याला वहीत लिहावे. शाळेतील मुलेही हे काम करू शकतात. चार-पाच वर्षांच्या नोंदी पाहिल्या की कोणता उपाय फळला, हे गावालाच उमगते.

भाविकांनी देवराईतून काडीही नेऊ नये. निर्माल्य व प्लास्टिक पाण्यात टाकू नये. दानशूरांनी नव्या बांधाइतकेच जुन्याच्या डागडुजीस साहाय्य करावे. चंद्रभागेत स्नान करणाऱ्याच्या ओंजळीत या डोंगरांचेही पाणी असते. ते माहेरी जपणे, हीदेखील विठ्ठलाची सेवाच आहे.