म्हैसूरची दोन बंडे : १८३० आणि १९४७

बंगळूरच्या चिकपेटेतून दक्षिणेकडे चालत निघाले, तर थोड्याच वेळात टिपू सुलतानाचा लाकडी खांबांचा वाडा लागतो. हा वाडा टिपूच्या नावाने ओळखला जातो. परंतु टिपूनंतर, १८३१ पासून १८६८ पर्यंत, म्हैसूर राज्याचा कारभार याच वास्तूतून चालत असे. राजा म्हैसूरला होता आणि राज्य मात्र ब्रिटिश कमिशनर बंगळुरातून करीत होता. हा विचित्र प्रकार कसा घडला, हे समजण्यासाठी मलनाडातील नगर या प्रदेशाकडे वळले पाहिजे.

१७९९ मध्ये टिपूचा पाडाव झाल्यावर इंग्रजांनी वोडेयर घराण्यातील पाच वर्षांच्या मुलाला, तिसऱ्या कृष्णराजाला, गादीवर बसविले. त्या वेळच्या तहाप्रमाणे राज्याने कंपनीला दरवर्षी सात लाख होनांची खंडणी देणे बंधनकारक होते. दिवाण पूर्णय्या याने हा भार सांभाळून खजिन्यात मोठी शिल्लक टाकली. १८११ मध्ये राजाने कारभार हाती घेतला आणि पुढील वीस वर्षांत ती शिल्लक संपली. खंडणी तर चुकत नव्हती. मग ‘शर्त’ नावाची पद्धत रूढ झाली. अमुक इतका वसूल मी आणीन, कमी पडल्यास पदरचे भरीन, असा अमलदार सरकारशी करार करी. कागदावर ही व्यवस्था निर्दोष दिसते. प्रत्यक्षात अमलदार पदरचे काही भरीत नसे. तो ते रयतेच्या पदरातून काढी. त्यातच त्या काळात दक्षिणेत धान्याचे भाव उतरलेले होते. म्हणजे तेवढाच सारा भरावयास शेतकऱ्याला अधिक धान्य विकावे लागे.

मराठी वाचकाला येथे एक गोष्ट थोडी अप्रिय वाटेल, पण ती टाळणे योग्य होणार नाही. नगर प्रांतातील वरच्या जागांवर पुष्कळसे मराठी बोलणारे ब्राह्मण अधिकारी होते. तेथील फौजदार रामराव याचे आप्त ठिकठिकाणी नेमलेले होते. दरबाराच्या हिशेबात कानडीबरोबर मराठी चालत असे. कानडी रयतेच्या दृष्टीने जुलूम आणि परकी भाषा यांचा चेहरा एकच झाला होता. मात्र हा भाषेचा झगडा होता असे म्हणणे चूक ठरेल. भांडण साऱ्याचे होते; भाषेने त्याला धार आणली.

१८३० मध्ये रयतेने गावोगावी ‘कूट’ भरविले. कूट म्हणजे मेळावा. सारा भरावयाचा नाही, असे तेथे ठरे. बुडी बसवप्पा नावाच्या इसमाने आपण नगरच्या जुन्या राजवंशाचे वारस आहोत असे सांगून नेतृत्व घेतले. तरीकेरेचा नायकही त्याला मिळाला. राजाच्या फौजेला हे आवरेना. तेव्हा कंपनीचे सैन्य आले आणि १८३१ च्या जूनमध्ये नगर पडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर जनरल बेंटिंक याने राज्याचा कारभार काढून घेतला. कंपनीच्या चौकशी समितीने १८३३ मध्ये अहवाल दिला, तेव्हा राज्य जाऊन दोन वर्षे झाली होती!

अशा रीतीने रयतेने राजाला हरविले, पण सत्ता तिच्या हाती आली नाही. कूट सारा नाकारू शकत होते. साऱ्याचा दर ठरविणारी सभा त्यांच्याजवळ नव्हती, आणि अशी सभा असू शकते ही कल्पनाही नव्हती. त्यांनी जुन्या राजाऐवजी आणखी जुन्या राजवंशाचा वारस शोधला, यातच त्यांची मर्यादा दिसते.

१८८१ मध्ये राज्य वोडेयरांना परत मिळाले. त्याच वर्षी दिवाण रंगाचार्लू याने दसऱ्याला प्रजाप्रतिनिधी सभा भरविली. तीत १४४ सभासद होते. त्यांना गाऱ्हाणी सांगता येत, निर्णय करता येत नसे. १९०७ मध्ये विधिमंडळ आले. दिवाण मात्र राजालाच जबाबदार राहिला. दरम्यान राज्य झपाट्याने पुढारले. १९०२ मध्ये शिवसमुद्रम येथे वीज निघाली, १९१६ मध्ये विद्यापीठ झाले, बंगळुरात कापडाच्या गिरण्या चालू लागल्या. म्हैसूरला ‘आदर्श संस्थान’ म्हणत, आणि ते खोटे नव्हते. आदर्श संस्थानात क्रांती का व्हावी, असा प्रश्न मग पडतो. माझ्या मते, ती तेथे व्हावी हेच स्वाभाविक होते. ज्या राज्याने मुलांना शिकविले, कामगारांना एकत्र आणले आणि लोकांना सभेत बोलण्याची सवय लावली, त्याच राज्याने त्या बोलण्याला वजन मात्र दिले नाही.

ठिणग्या पडत होत्या. १९२८ च्या जुलैमध्ये चिकपेटेशेजारच्या सुलतानपेटेतील शाळेच्या आवारात असलेल्या गणपतीवरून दंगल झाली. चौकशी समितीचे अध्यक्षपद विश्वेश्वरय्यांकडे होते. १९३८ च्या एप्रिलमध्ये शिवपुरा येथे झेंडा सत्याग्रह झाला आणि २५ तारखेला विदुराश्वत्थ येथील सभेवर गोळीबार झाला. सरकारने मृतांचा आकडा दहा सांगितला. लोक तिसाहून अधिक सांगत. १९४२ मध्ये शिकारीपूर तालुक्यातील ईसूर गावाने स्वतंत्र सरकार पुकारले. तेथे दोन अधिकारी मारले गेले, आणि १९४३ मध्ये पाच गावकऱ्यांना फाशी झाली. ईसूर हे जुन्या नगर प्रांतातलेच गाव.

९ ऑगस्ट १९४७ रोजी जयचामराज वोडेयर यांनी भारतात सामील होण्याच्या पत्रावर सही केली. मात्र प्रजेला जबाबदार राज्यपद्धती देण्याविषयी दिवाण रामस्वामी मुदलियार यांचे मौन होते. देश स्वतंत्र झाला आणि म्हैसूरची प्रजा तेथेच राहिली. १ सप्टेंबरला के. सी. रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली ‘म्हैसूर चलो’ सत्याग्रह सुरू झाला. पुढाऱ्यांना अटक झाली, तरी चळवळ थांबली नाही. कारण ती पुढाऱ्यांपुरती उरली नव्हती. विद्यार्थी वर्गाबाहेर पडले, कामगार त्यांना मिळाले, तुरुंग भरले. म्हैसुरात रामस्वामी नावाचा शाळकरी मुलगा गोळीला बळी पडला. त्या चौकाला पुढे त्याचेच नाव मिळाले.

१८३१ मध्ये राजाच्या मदतीला कंपनीची फौज आली होती. या वेळी बाहेरून येणारे कोणी नव्हते. उलट दिल्लीतील सरकार सत्याग्रह्यांच्याच पक्षाचे होते. ही गोष्ट निर्णायक ठरली, असे मला वाटते. रयतेचे धैर्य १८३० मध्येही कमी नव्हते. ऑक्टोबरमध्ये तडजोड झाली आणि महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात रेड्डी यांचे नऊ जणांचे मंत्रिमंडळ आले. दिवाणपद १९४९ पर्यंत टिकले. महाराज १९५० पासून राजप्रमुख झाले आणि १९५६ नंतर राज्यपाल.

कमिशनरची कचेरी १८६८ मध्ये टिपूच्या वाड्यातून नव्या लाल इमारतीत, अठरा कचेरीत, गेली होती. तिच्याच समोर, रस्त्याच्या पलीकडे, विधानसौध उभे राहिले. १९५१ मध्ये नेहरूंनी त्याची कोनशिला बसविली आणि १९५६ मध्ये ते पुरे झाले.