अल्टरनेटरचा बोल्ट तुटला? आधी दर सांगा, मग ड्रिल लावा



व्हिडिओत आपण जुन्या ट्रकच्या इंजिनावरचा अल्टरनेटरचा तुटलेला बोल्ट काढताना पाहिलं. व्हिडिओत हात दिसतात, हिशेब दिसत नाही. तो इथे लिहून देतोय. ज्यांना हायवेला किंवा ट्रक टर्मिनलजवळ स्वतःचं छोटं गॅरेज टाकायचंय, त्यांनी हा धडा नीट वाचा. कारण हे काम कधी अर्ध्या तासात होतं, कधी अख्खा दिवस खातं. आणि गाडी लागते तेव्हा यातलं काय होणार, हे कुणालाच माहीत नसतं.

गिऱ्हाईक काय म्हणतं? "एक बोल्ट तर आहे, काढून टाका." तुम्ही पण "पाचशे द्या" म्हणून मोकळे होता. धंदा इथेच फसतो.

हात लावण्याआधी तीन प्रश्न

१. बोल्ट कशात तुटलाय, ब्रॅकेटमध्ये की ब्लॉकमध्ये? ब्रॅकेटमध्ये असेल तर चिंता नाही. ब्रॅकेट खोला, व्हाइसमध्ये धरा, जमलं नाही तर लेथवाल्याकडे द्या. अगदी वाया गेला तरी ब्रॅकेट दुसरा मिळतो. ब्लॉकमध्ये असेल तर मात्र सावध. तिथे भोक वाकडं गेलं तर ब्लॉक बदलून मिळत नाही.

२. तुकडा बाहेर आलाय की आत बुडालाय? बाहेर पाच-सात मिलिमीटर असेल तर व्हाइस ग्रिप प्लायरने पकडता येतो. आत असेल तर पायऱ्या वाढल्या.

३. भोक आरपार आहे का? काही इंजिनांत अशी भोकं वॉटर जॅकेटपर्यंत जातात. तुटक्या बोल्टभोवती कूलंटचा डाग दिसला तर आधी कूलंट काढा आणि नवीन बोल्टला थ्रेड सीलंट लावा.

काम पायरीपायरीने

सर्वात आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. अल्टरनेटरच्या मोठ्या टर्मिनलवर बॅटरीचा करंट कायम असतो. पाना तिथे आणि बॉडीला एकदम टेकला की ठिणगी उडालीच. मग बेल्ट सैल करून अल्टरनेटर उतरवा.

पायरी एक: तुकड्याच्या कडेने वायर ब्रश मारा, गंज सोडवणारं तेल टाका आणि थांबा. पंधरा-वीस मिनिटं तरी. तेवढ्यात दुसऱ्या गाडीचं काम करा. मग हातोडीने हलके ठोके द्या आणि प्लायरने मागे-पुढे, मागे-पुढे करत फिरवा. एकाच दिशेला जोर लावलात तर उरलेलंही तुटतं.

पायरी दोन: तुकडा पृष्ठभागाच्या बरोबरीला असेल तर त्यावर वॉशर, वॉशरवर नट ठेवून नटच्या आतून वेल्डिंग करा. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते, हा यातला खरा फायदा. थोडं निवू द्या, गरम असतानाच हळू फिरवा. पहिला नट तुटला तर दुसरा लावा, दोन-तीनदा करावं लागतं. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही केबल काढा आणि अर्थिंगचा क्लँप तुकड्याच्या जवळच लावा, चॅसीच्या दुसऱ्या टोकाला नको. डिझेलचे पाइप ओल्या गोणपाटाने झाका, शेजारी आग विझवायचा सिलिंडर ठेवा.

पायरी तीन: वेल्डिंग धरत नसेल तर ड्रिल. तुकड्याचं तोंड कानशीने सपाट करा आणि बरोबर मध्यभागी सेंटर पंच मारा. पूर्ण कामात सर्वात जास्त वेळ या एका ठोक्याला द्या. एम-१० चा बोल्ट असेल तर ३ मिलिमीटरपासून सुरुवात करा आणि एकेक साइज वाढवा. उलट्या दिशेने कापणारे ड्रिल बिट मिळतात, ते ठेवाच. ड्रिल करता करता तुकडा आपोआप फिरून बाहेर येतो, असं बऱ्याचदा होतं. नाहीच आला तर एम-१० × १.५ च्या आट्यांसाठी ८.५ मिलिमीटरपर्यंत जा, उरलेली पातळ साल टोच्याने काढा आणि टॅप फिरवून आटे साफ करा.

एक्स्ट्रॅक्टरबद्दल स्पष्ट सांगतो. तो कडक पोलादाचा असतो, म्हणून वाकत नाही, थेट तुटतो. आत तुटला की साधा ड्रिल बिट त्याला कापत नाही. मग कार्बाइडचा बिट आणि अर्धा दिवस. तुकडा गंजाने गच्च असेल तर एक्स्ट्रॅक्टरवर जोर करू नका.

पायरी चार: आटेच गेले असतील तर हेलिकॉइल. किटवर लिहिलेल्या साइजचा ड्रिल घ्या, किटचाच टॅप वापरा. थेट एम-१२ करण्याचा मोह टाळा. मग ब्रॅकेटचं भोकही मोठं करावं लागतं आणि पुढच्या मिस्त्रीला तिथे मूळ बोल्ट कधीच बसत नाही.

आता हिशेब

उदाहरण घेऊ. भाडं, पगार, वीज, हप्ता मिळून तुमचा महिन्याचा खर्च ६०,००० रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस, आणि रोज प्रत्यक्ष कामाचे पैसे मिळतात असे तास धरा ६. झाले १५६ तास. म्हणजे एका तासाचा खर्च साधारण ३८५ रुपये. यात नफा शून्य.

- पायरी एकवर काम झालं, १ तास: खर्च ३८५, दर ७००
- पायरी दोनवर झालं, २ तास: खर्च ७७०, दर १,४००
- तीन किंवा चारवर गेलं, ४ तास: खर्च १,५४०, दर २,८०० आणि सामान वेगळं

तुमच्या गावातले आकडे वेगळे असतील, पद्धत हीच ठेवा. आता बघा, "पाचशे द्या" म्हणणारा चार तासांच्या कामात हजार रुपये खिशातून घालतो आणि वर चिडचिड करतो ती वेगळी.

हे सांगायचं कधी? काम सुरू करण्याआधी, आणि ड्रायव्हरला नाही, मालकाला. फोनवर फोटो पाठवा आणि असं बोला:

"शेठ, बोल्ट ब्लॉकमध्ये तुटलाय, फोटो बघा. सरळ निघाला तर सातशे. वेल्डिंग करून निघाला तर चौदाशे. ड्रिल करायची वेळ आली तर अठ्ठावीसशे आणि सामान. प्रत्येक टप्प्याआधी तुम्हाला फोन करतो. चालेल?"

मालकाला राग दराचा येत नाही, अचानक वाढलेल्या दराचा येतो. गाडी उभी म्हणजे त्याचा हप्ता चालू, भाडं बंद. त्याला किती वेळ लागेल ते कळलं की तो पुढच्या पार्टीला फोन करू शकतो.

"आत्ता तारेने बांधा, पुढे बघू" असं कुणी म्हटलं तर नाही म्हणा. बऱ्याच जुन्या इंजिनांत त्याच बेल्टवर वॉटर पंप फिरतो. बेल्ट घाटात उतरला तर इंजिन तापेल आणि नाव तुमचं निघेल.

बोल्ट का तुटला?

तुकडा फेकू नका, तुटलेलं तोंड बघा. बराचसा भाग गुळगुळीत, शिंपल्यासारख्या रेषा आणि एका कोपऱ्यात खरबरीत असेल तर बोल्ट सैल राहून, हादऱ्याने हळूहळू तुटलाय. मान ताणल्यासारखी, पिळलेली असेल तर कुणीतरी लांब पाइप लावून जास्त आवळलाय. ब्रॅकेटला तडा, झिजलेला बुश, हरवलेला स्पेसर, रेषेत नसलेली पुली आणि फार ताणलेला बेल्टही तपासा. मूळ कारण राहिलं तर नवा बोल्टही तुटेल.

बसवताना मूळ ग्रेडचाच बोल्ट घ्या. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं लिहिलेलं असतं, खूण नसलेला बोल्ट नको. बिडाच्या ब्लॉकमध्ये जाडीच्या दीडपट तरी आटे आत जायला हवेत, म्हणजे एम-१० ला साधारण १५ मिलिमीटर. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. इंजिन सुरू करून २४ व्होल्टच्या गाडीत चार्जिंग २७.५ ते २८.५ च्या आसपास येतंय का बघा. आणि ड्रायव्हर दादांना सांगा, दोनेकशे किलोमीटरनंतर बोल्ट आणि बेल्ट पुन्हा तपासून घ्या. बिलावरही लिहा.

या आठवड्याचा गृहपाठ: वहीत स्वतःचा तासाचा खर्च काढा. मग तुमच्या गॅरेजमध्ये "निघालं तर निघालं" प्रकारची जी कामं येतात, त्यातली तीन निवडा आणि प्रत्येकाचे टप्पे व दर एका कागदावर लिहून भिंतीला लावा. पुढचा गंजलेला बोल्ट येईल तेव्हा आधी त्या कागदाकडे बघा, मग पाना उचला.