भोंगा आपल्या घरचा

अगं, मागे तू फोनवर रडलीस ते अजून डोक्यातून जात नाहीये. "ताई, मी त्याच्या हातातून मोबाईल ओढला आणि त्याने भरलं ताट भिरकावलं," म्हणालीस, आणि मग हळूच, "मी वाईट आई आहे का गं?" मी काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. शेजारी सासूबाई होत्या हे एक. दुसरं म्हणजे, कुणाला सांगू नकोस, पण तुझं रडणं ऐकत असताना माझ्या दुसऱ्या हातात दाजींचा मोबाईल होता आणि त्यावर मी आवाज बंद करून पैठण्यांचे व्हिडिओ बघत होते. ताटाची गोष्ट तू सांगतेयस आणि माझं बोट आपलं वर सरकतंय! तुला काय शिकवणार होते मी त्या दिवशी, कप्पाळ?

फोन ठेवल्यावर मी सेटिंग्जमध्ये जाऊन माझा दिवसाचा हिशोब पाहिला. चार तास चाळीस मिनिटं. आणि मला वाटत होतं की घरात मोबाईल फक्त पोरंच बघतात.

तुला रामायणाचे रविवार आठवतात का? तू खूप लहान होतीस. १९८७ साली सुरू झालं ते. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकून, समोरच्या काकूंची पोरं धरून पंधराजण आपल्या खोलीत बसायचे. पण एक गोष्ट बघ, टीव्ही बंद कर म्हणून आईला कधी ओरडावं लागलं नाही. भाग संपायचा, आपण उठायचो. बघण्यासारखं दुसरं काही नसायचंच. आपण काही फार गुणी होतो असं नव्हे, टीव्हीच संपायचा.

आताचं हे संपतच नाही. बोटाने सरकवत राहा, पुढचं येत राहतं. ही युक्ती २००६ साली एझा रास्किन नावाच्या माणसाने काढली आणि पुढे त्याचं त्यालाच वाईट वाटलं, तसं त्याने उघडपणे बोलूनही दाखवलं. तेव्हा नऊ वर्षांच्या पोराला "तुला कळत नाही का, किती वेळ?" असं विचारण्यात अर्थ नाही. मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं नाही. संपणं आता बाहेरून आणावं लागतं.

आणि इथेच मला मोहित्यांचं वडगाव आठवतं. आपल्या कडेगाव तालुक्यातलंच, विट्याच्या आत्याला विचार, तिला सगळी खबर असते. कोरोनात पोरांच्या हातात शाळेच्या नावाखाली मोबाईल आले आणि शाळा उघडल्या तरी ते सुटेनात. तेव्हा २०२२ च्या १५ ऑगस्टपासून गावाने ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजणार आणि साडेआठपर्यंत घराघरातले टीव्ही-मोबाईल बंद. विजय मोहिते सरपंच होते. आधी बायकांची सभा घेतली, कारण सातची वेळ म्हणजे मालिकांची. लोक हसलेही सुरुवातीला. मग आशाताई, अंगणवाडीच्या सेविका, निवृत्त गुरुजी घरोघर फिरून समजावायला लागले.

पेपरवाल्यांनी त्याचं कौतुक केलं ते पोरांच्या अभ्यासासाठी. मला त्यातलं वेगळंच आवडलं. भोंगा वाजला की कुठल्याच आईला वाईट व्हावं लागत नाही. ती ओढत नाही, ओरडत नाही. तिचाही मोबाईल बंद, सासूचाही, शेजाऱ्याचाही. रुसायचं तर रुसणार कुणावर, भोंग्यावर? तुझ्या घरात भोंगा तू झाली आहेस, बाई. रोज, एकटी. म्हणून ताट तुझ्या अंगावर आलं.

आम्ही काय केलं ते सांगते, आणि फजितीसकट सांगते. ठरलं असं की कुकरची तिसरी शिट्टी झाली की सगळ्यांचे फोन पोळ्यांच्या जुन्या स्टीलच्या डब्यात. छान वाटलं ना? दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं, मॅच असली की तुझे दाजी फार प्रेमाने म्हणायचे, "असू दे गं, कुकर नंतर लाव, गरम गरम जेवू." इतक्या वर्षांच्या संसारात कधी माझ्या कुकरची काळजी केली नव्हती! मग टेबलावरचं गजराचं घड्याळ आणलं. आठला गजर, नऊला गजर. फोन रिंग चालू ठेवून डब्यात, म्हणजे "ऑफिसचा फोन आला तर?" हा प्रश्नच मिटला. आला तर वाजेल. मेसेज काही वाजत नाहीत, कारण त्यांचा आवाज मी आधीच बंद केलाय.

सर्वांत अवघड निघाल्या सासूबाई. आठची मालिका त्यांचा जीव की प्राण. त्यांना मी अजिबात उपदेश केला नाही, तूही तुझ्या सासूबाईंना करू नकोस. तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा लागतो हे दाखवलं आणि दुपारी त्यांच्याशेजारी बसून दोनदा मीही पाहिला. जमलं.

पहिला आठवडा मात्र भयाण गेला. चार माणसं हॉलमध्ये बसलीत आणि पंख्याचा आवाज येतोय. थोरला दर पाच मिनिटांनी "बोअर होतंय" म्हणायचा. मी "हो का" एवढंच म्हणायचे. तू लगेच उठून खेळ, चित्रकला, कागदाची फुलं असलं काही मांडू नकोस हं. तुला दमायला होईल आणि त्याला वाटेल, आई आपली करमणूक करायला आहे. मी समोर फक्त मटारचं टोपलं ठेवलं. कंटाळून कंटाळून त्याने एक शेंग सोलली. पुढे पत्ते निघाले. सासूबाई मेंढीकोटमध्ये इतकी लबाडी करतात हे मला लग्नानंतर सतरा वर्षांनी कळलं.

आता तुझ्या पोराचं. तो काय खेळत होता ते विचारलंस का? मित्रांबरोबरचा खेळ असेल तर मध्येच उठणं म्हणजे गल्लीतल्या क्रिकेटमध्ये बॅटिंग चालू असताना आईने कान धरून घरी नेण्यासारखं. गजराच्या दहा मिनिटं आधी नुसतं विचार, "किती राहिलंय?" आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवून नवा डाव सुरू करू नको म्हण. ओढू मात्र नकोस. आणि "गणितं केलीस तर अर्धा तास मोबाईल" हे आजपासून बंद. असं केलं की मोबाईल होतो पेढा आणि गणित होतं काढा.

छकुली दीड वर्षाची आहे, तिला भरवताना गाणी लावतेस ते मला माहीत आहे, मीही थोरल्याला भरवताना टीव्हीसमोरच बसवायचे. पण दोन वर्षांखालच्या बाळाला स्क्रीन नकोच, असं आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलंय. दोन ते पाच वर्षांत फार तर एक तास, तोही मोठं कुणी शेजारी बसून. जवळच्या माणसांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल चालतो, तेवढी मावशीची सोय त्यांनी ठेवलीय. चार दिवस ती कमी खाईल. खाऊ दे. भूक लागली की मागेल.

आणि भाऊजी "मला नाही जमणार" म्हणाले तर भांडू नकोस, पण त्यांच्याशिवाय सुरूही करू नकोस. पोरं ऐकत नाहीत, बघतात. रोज नाही तर आठवड्यातून तीन दिवस धर. आमचंही शनिवारी मोडतं, मॅच असली की मोडतं, पाहुणे आले की मोडतं. रविवारी गजर पुन्हा लावायचा, बस.

चार्जर तेवढे झोपायच्या खोलीतून बाहेर काढ. घड्याळ आणशील ते सकाळी उठायलाही होईल.

चल, पावणेआठ झाले, भात टाकते. तू फोन करणार असशील तर नऊनंतर कर. काल तू साडेआठला केलास तेव्हा तो स्टीलच्या डब्यात असा काही खणखणला की सासूबाईंच्या हातातले पत्ते खाली पडले आणि त्यांच्याकडे बदामाच्या दोन राण्या निघाल्या.