कूलिबा

निलगिरीच्या तेलाचा वास महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे; परंतु हा वृक्ष मूळचा निलगिरी पर्वतावरील नव्हे. एकोणिसाव्या शतकात तो तेथे आणून लावला गेला व पर्वताचेच नाव त्यास चिकटले. त्याचे माहेर ऑस्ट्रेलिया. शास्त्रज्ञ या कुळास यूकॅलिप्टस म्हणतात. त्याच्या कळीवर घट्ट टोपी असते. फूल उमलताना ती गळून पडते आणि आतून केसरांचा पांढरा झुबका बाहेर येतो.

या कुळात सातशेंहून अधिक जाती आहेत. मग एखादी ओळखावी कशी? ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागात रिव्हर रेड गम आणि कूलिबा हे दोन वृक्ष जवळपास आढळतात. पानांकडे पाहणारा येथे हटकून फसतो, कारण दोहोंची पाने लांबट, टोकदार व लोंबती असतात. साल पाहावी. रेड गमची साल सुटून गळते आणि खोड पांढुरके, गुळगुळीत दिसते. कूलिबाच्या खोडावर मात्र काळपट, खरखरीत, भेगाळलेली साल टिकून राहते. केवळ वरच्या फांद्या गुळगुळीत असतात. रेड गमच्या बुंध्याशीही कधीकधी खरखरीत साल असते, म्हणून दृष्टी वरपर्यंत न्यावी. जागाही पाहावी. रेड गम नदीच्या पात्रालगत उभा असतो. कूलिबा बहुधा जरा मागे, पुराचे पाणी पसरणाऱ्या चिकणमातीत वाढतो.

कूपर्स क्रीक या प्रवाहाच्या काठी असाच एक कूलिबा आहे. १८६० साली बर्क हा प्रवासी त्याच्याजवळ काही माणसे ठेवून तिघा सोबत्यांसह उत्तर किनाऱ्याकडे गेला. मागे राहिलेल्यांनी चार महिने वाट पाहिली. अखेर २१ एप्रिल १८६१ रोजी सकाळी त्यांनी झाडाजवळ अन्न पुरले, खोडाची साल काढून ‘खणा’ या अर्थाचा इंग्रजी शब्द कोरला आणि ते निघून गेले. त्याच संध्याकाळी बर्क, विल्स व किंग तेथे येऊन पोहोचले! चौथा सोबती ग्रे वाटेतच वारला होता. अन्न सापडले, परंतु थकलेल्या उंटांनिशी पुढच्यांना गाठणे अशक्य होते. पुढे बर्क व विल्स मरण पावले. किंगला मात्र तेथील यांड्रुवांधा लोकांनी आपल्यात घेऊन जगविले. सप्टेंबरात शोधपथकास तो जिवंत सापडला.

तो कूलिबा अद्याप उभा आहे. कोरलेल्या शब्दावर दोन्ही कडांनी खरखरीत साल वाढत आली आणि तिने तो झाकून टाकला.