आजोबांची रेघ, आईचा ल

१. अक्षर शेजारी बसून येतं.
आमच्या घरात सगळ्यांचं अक्षर एकाच ठेवणीचं. येणारेजाणारे म्हणत, रक्तातच आहे तुमच्या. मला ते कधी पटलं नाही. कारण आईच्या अक्षराशी सगळ्यांत जास्त जुळतं ते वहिनीचं, आणि ती या घरात आली लग्न होऊन. दोघी रोज संध्याकाळी एकाच वहीत हिशेब लिहायच्या, दूध, भाजी, पेपरवाला. काही वर्षांनी आईची नोंद कुठली आणि वहिनीची कुठली, हे मलाही ओळखता येईना.

२. हाताची सवय लिपीपेक्षा जास्त टिकते.
आजोबांची उमेदीची वर्षं दप्तरात गेली. मोडी त्यांच्या हातात बसलेली होती. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढून घेतो आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जातो. बाळबोधात आपण उलट करतो, शब्द झाला की डोक्यावर रेघ. आजोबा मात्र बाळबोध लिहितानाही आधी रेघ ओढत. त्यांचं पाहून वडील तसं करू लागले आणि वडिलांचं पाहून मी. वडिलांना मोडी अडखळत वाचता यायची, मला अजिबात येत नाही, तरी कोरा कागद समोर आला की माझा हात आधी रेघ ओढतो. पेशवाईत मोडीची चिटणिशी, महादेवपंती, रानडी अशी वळणं नावाजलेली होती. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी, त्यांचे पुत्र खंडो बल्लाळ. लेखणी अशी पिढ्यांमधून चालत आलेली. शाळेतून मोडी गेली ती विसाव्या शतकाच्या मध्याला. आमच्या घरातून ती अजून पुरती गेलेली नाही, असं मी मानतो.

३. फार बारीक लिहू नये.
समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच दिला आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकच असावं, ओळीला ओळ भिडू नये, हे त्यात आहेच. मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे, की तरुणपणी काढलेलं अतिबारीक अक्षर म्हातारपणी उपयोगी पडत नाही. इतका व्यवहारी सल्ला मी शाळेत कुणाकडून ऐकला नाही.

४. दसऱ्याची पाटी मुलांकडेच द्यावी.
एकाच्या आकड्यांची सरस्वती प्रत्येक घराची थोडी वेगळी असते. आमच्याकडे ती थोरल्या भावंडाने धाकट्याला शिकवायची, मोठ्यांनी मध्ये पडायचं नाही.

५. मुलं जे वाचतात, तेच काढतात.
आईचा ल दोन पाकळ्यांचा, मराठी वळणाचा. बऱ्याच फोनवर दिसतो तो उभ्या दंडाचा, हिंदी वळणाचा. माझी मुलगी पडद्यावर वाचायला लागली आणि तिच्या वहीत दंडाचा ल आला. आम्ही तिला पुस्ती गिरवायला बसवलं नाही. आईने फक्त वाण्याची यादी तिच्या हाती द्यायला सुरुवात केली. लसूण, तेल, वेलची, लवंग. दुकानात यादी मोठ्याने वाचायचं काम तिचं. पुढे यादी लिहायचं कामही तिने मागून घेतलं, आणि त्या यादीतला ल आजीचा होता. शुद्धलेखनाच्या शिक्षेने कुणाचं अक्षर सुधारल्याचं मी पाहिलेलं नाही. उपयोगाचं लिहायला मिळालं की सुधारतं.

६. वाचणाऱ्याकडे बघून लिहावं.
वडिलांचं अक्षर एक नव्हतं, दोन होती. कचेरीच्या कामाचं तिरकं, वेगाचं. आणि आत्याच्या पोस्टकार्डावरचं उभं, टपोरं, शब्दाशब्दांत बोटभर जागा सोडलेलं. आत्या चौथीपर्यंत शिकलेली. पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायची वेळ तिच्यावर येऊ नये, एवढ्यासाठी ते होतं. जोडाक्षर टाळता आलं तर टाळत. पोस्टकार्डावर जागा ती केवढी, तरी वर श्री, डावीकडे समास, आणि उरलेला मजकूर कडेने उभा कोंबायचा नाही. मावत नसेल तर दुसरं कार्ड. आत्याने ती सगळी पत्रं ट्रंकेत जपली आणि स्वतः, एकटीने, पुन्हा पुन्हा वाचली. सुंदर अक्षर कशाला म्हणावं, याचा माझ्यापुरता निकाल त्या पत्रांनी लावून टाकला. सुलेखनाच्या प्रदर्शनांना मी आवडीने जातो, पण तिथे टांगलेलं काहीही मला त्या कार्डांच्या वरचं वाटत नाही.

७. कागद सांभाळायला शिकावं.
जुनी पत्रं लॅमिनेट करू नयेत. एकदा चिकटलेलं प्लास्टिक कागद न दुखावता सुटत नाही. ओल आणि ऊन, दोन्हींपासून दूर ठेवावीत. घड्या मोडून सपाट ठेवावीत, नाहीतर कागद आधी घडीवरच फाटतो. कुणी, कुणाला, कधी लिहिलं हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावं, कारण पुढच्या पिढीला अक्षर ओळखू येईलच असं नाही.

आणि एक मागणं आहे. घरात जे सगळ्यांत थोरलं माणूस असेल, त्याच्यासमोर या रविवारी वही ठेवा. लोणच्याचं प्रमाण, गावच्या जमिनीची हकीकत, नातेवाइकांची नावं, काहीही लिहून घ्या. खाली तारीख आणि सही घ्या. ते लिहीत असताना घरातलं एक मूल शेजारी बसलेलं असू द्या.